दोन जे. आर. स्वामी

टाळ्या वाजल्या तेव्हा जगदेवीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. टाळ्या आपल्यासाठी आहेत हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. शेजारी बसलेल्या इतिहासाच्या बाईंनी कोपरानं ढोसलं, "मॅडम, उठा की! तुमचंच नाव हाय."

त्यांनी पडद्याकडं बघितलं. प्राचार्य शिवमूर्ती धनुरे यांनी कॉलेजातल्या सगळ्या प्राध्यापकांची संशोधनाची यादी पडद्यावर लावली होती. सगळ्यांत वर, रसायनशास्त्राच्या उमाशंकर पटणे यांच्याही वर, लिहिलं होतं: जे. आर. स्वामी, मराठी विभाग, एच-इंडेक्स बावीस.

"मराठीच्या मॅडमनी विज्ञानवाल्यांना मागं टाकलं," प्राचार्य म्हणाले. "नॅकची समिती ग्रेड ठरवायला येईल तेव्हा पहिलं नाव हेच दाखवायचं."

जगदेवीबाई उठल्या, हात जोडले आणि खाली बसल्या. काहीतरी चुकलंय हे त्यांना त्याच घडीला कळलं होतं. पण खरं सांगायचं तर खुर्चीत टेकताना पाठ नेहमीपेक्षा जरा ताठ झाली होती, हेही त्यांना कळलं.

उदगीरच्या त्या कॉलेजात जगदेवी रेवणप्पा स्वामी तरुणपणापासून मराठी शिकवत होत्या; आता विभागप्रमुख होत्या. माहेर देवणीजवळचं. आई मल्लम्मा घरात कानडी बोलायची आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की मराठी. लेकीच्या तोंडात दोन्ही भाषा एकमेकींत कालवलेल्या. लातूरला एम.ए.ला गेली तेव्हा वर्गातली पोरं तिच्या बोलण्याला हसायची. ते हसणं तिच्या मनात जाऊन बसलं ते बसलंच. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, पोरं मोठी होऊन पुण्याला गेली, पण रविवार आला की बाई एस.टी.त बसून कुठल्यातरी गावाला निघायच्या. देगलूरकडं, निलंग्याकडं, देवणीच्या बैलबाजारात. माणसं गाईला काय म्हणतात, चुलीच्या कोणत्या भागाला काय म्हणतात, कोणता शब्द तेलंगणाच्या अंगानं आला आणि कोणता कर्नाटकाच्या, हे विचारत फिरायच्या. त्यातून सीमेवरच्या बोलीचा एक जाडजूड कोश झाला. तो उदगीरच्याच एका छापखान्यानं काढला. गावोगावच्या शिक्षकांनी घेतला, बाकीचे गठ्ठे बाईंच्या माळ्यावर गेले.

असल्या बाईंचा आकडा बावीस?

बैठक सुटल्यावर उमाशंकर पटणे जिन्यात भेटले. माणूस चांगला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत धड उपकरण नाही म्हणून कधी लातूरला, कधी नांदेडला नमुने पिशवीत घालून घेऊन जाणारे. यादीत आजवर पहिले तेच असायचे.

"अभिनंदन मॅडम," ते म्हणाले. "बावीस म्हणजे काय, ठाऊक हाय का? तुमचे बावीस लेख असे हायत की त्यातल्या एकेकाचा दुसऱ्या लोकांनी निदान बावीस-बावीस वेळा उल्लेख केलाय."

"माझे बावीस लेख कुणी वाचले असतील सर?"

"तोच विचार मी करून राहिलो." ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं.

घरी पोचेपर्यंत बातमी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गेली होती. नवऱ्याचं, रेवणप्पांचं, तिथं डाळीचं दुकान. पलीकडच्या दुकानदाराचा मुलगा कॉलेजात कारकून, त्यानं फोन केला असणार. रेवणप्पा दारातच पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत "शरणार्थ, शरणार्थ, घ्या, तोंड गोड करा" असं चाललेलं.

"अहो, कशाला हे?"

"कशाला म्हंजे? कॉलेजात पहिली आलीस की." मग हळूच जवळ येऊन त्यांनी विचारलं, "बावीस म्हंजे जास्त का कमी, तेवढं सांग फक्त."

"जास्त," जगदेवीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

दिवेलागणीला पूजा आटोपून त्यांनी कॉम्प्युटर उघडला. प्राचार्यांच्या हुकमावरून मागं सगळ्यांची खाती एका साइटवर उघडली होती. ऑफिसातल्या ऑपरेटरनं एका दुपारी सगळ्यांचं काम उरकलं होतं. साइट विचारेल, हा लेख यांचाच का, की तो 'हो' दाबणार. बाईंनी आपलं पान वाचायला घेतलं. सगळे लेख इंग्रजीत. पाण्यातला फ्लोराईड काढायची चाळणी, त्या चाळणीला लावायचा लेप, लेपाचं आयुष्य. एकेका लेखावर पाच-पाच सात-सात नावं, त्यात कुठंतरी जे. आर. स्वामी. त्यांचे स्वतःचे तीन लेख पार तळाला, बैठकीच्या कडेला अंग चोरून बसलेल्या गरीब पाहुण्यासारखे. त्यांतल्या दोन लेखांचे उल्लेख दोन-दोन आणि तिसऱ्यापुढं शून्य.

बाहेर रेवणप्पा कुणालातरी फोनवर सांगत होते, "हाव, आमची मंडळी. हाव, पहिला नंबर." जगदेवीबाईंनी पान मिटलं आणि ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या थेट प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. "सर, ते लेख माझे नाहीत. नावाची आद्याक्षरं जुळली म्हणून आलेत. ते काढायला लागतील."

धनुरे सरांनी उठून दार लावलं. "मॅडम, बसा. समिती पुढच्या आठवड्यात येतेय. तुमच्या एका नावानं अख्ख्या कॉलेजची सरासरी वर गेलीय. आणि तुमची प्रोफेसरपदाची फाईल नांदेडला विद्यापीठात जायचीय. एवढ्या आकड्याला तिथं कोण अडवणार?"

"पण सर, खोटं आहे ते."

"आपण खोटं बोललो का? साइट बोलली. आपण गप्प बसलो. गप्प बसणं अन् खोटं बोलणं एक न्हाई, मॅडम. समिती जाऊ द्या, मग काढा खुशाल."

जगदेवीबाई "हो" म्हणाल्या नाहीत, "नाही"ही म्हणाल्या नाहीत. दार उघडून बाहेर आल्या आणि तासाला गेल्या.

त्यानंतरचे दिवस त्यांना स्वस्थ बसू देईनात. शिकवता शिकवता वाक्य हरवायचं. खडू दाबून दाबून मोडायचा. तव्यावरची भाकरी जळून जायची आणि त्या बघत उभ्या. फाटकावर फ्लेक्स लागला: हार घातलेला त्यांचा फोटो, खाली 'आंतरराष्ट्रीय संशोधक'. पोरी येऊन पाया पडायला लागल्या. त्यांना आशीर्वाद देताना बाईंचा हात मधेच थांबायचा.

आणि तरी दुपारी स्टाफरूम रिकामी झाली की त्या गुपचूप ते पान उघडून बघायच्या. एका दुपारी बघतात तर बावीसचे तेवीस झालेले. जगात कुठंतरी कुणीतरी त्या चाळणीबद्दल आणखी एकदा लिहिलं होतं. जगदेवीबाईंना मनापासून आनंद झाला. आपल्या पोराचा पेपर सोपा गेला असं कळल्यावर होतो तसा. नंतर लगेच त्यांचे कान तापले. आपण कुणाच्या पोराचं कौतुक करून राहिलोय?

त्या दिवशी त्यांनी त्यातला एक लेख छापून घेतला आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला बसल्या. रसायनाचा भाग काही कळला नाही. पण सुरुवातीला गावांचं वर्णन होतं, कलबुर्गीच्या पलीकडची गावं, तिथल्या विहिरी, बोअर, आणि त्या पाण्यानं पिवळे पट्टे पडलेले लेकरांचे दात. असले दात बाईंनी आपल्याकडंही पाहिले होते. शब्द विचारत ओसरीवर बसल्यावर पोरं समोर येऊन हसायची, तेव्हा. हे लिहिणारं कोण आहे, तेही गावोगाव हिंडतं, विहिरीपाशी बसतं, लोकांना विचारतं. लेखाच्या शेवटी नाव पूर्ण होतं: जयलक्ष्मी रुद्रय्या स्वामी. खाली फोन नंबर.

व्हरांड्याच्या टोकाला जाऊन त्यांनी फोन लावला. आधी इंग्रजीत अडखळल्या. पलीकडची बाईही इंग्रजीतच सावधपणे बोलत होती. मग जगदेवीबाईंनी सरळ आईच्या कानडीला हात घातला, तेव्हा पलीकडचा आवाज एकदम मोकळा झाला.

"अक्का, तुम्ही उदगीरच्या? आमची मोठी आत्या उदगीरला दिलीय."

जयलक्ष्मी एका कॉलेजात कंत्राटावर शिकवत होती. बोलता बोलता तिनं सांगितलं की सोमवारी तिची कायम जागेसाठी मुलाखत आहे आणि तिच्या नावानं साइटवर जेमतेम सहा लेख दिसतात. बाकीचे कुठं गडप झाले ते कळत नाही. तिनं साइटवाल्यांना लिहून कळवलं होतं, उत्तर नाही.

"ते माझ्याकडं हायत," जगदेवीबाई म्हणाल्या. "सगळे माझ्या पानावर आलेत."

"तुम्हाला कधी कळलं, अक्का?"

"झाले काही दिवस. मागच्या आठवड्यात."

मग जयलक्ष्मी एवढंच म्हणाली, "हौदा, अक्का." असं का, अक्का. तिनं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

जगदेवीबाई स्टाफरूममध्ये आल्या आणि त्यांनी पान उघडलं. एक लेख निवडला, काढला. दुसरा निवडला, काढला. उमाशंकर डबा उघडायला आत आले आणि त्यांच्या खांद्यामागून बघत उभे राहिले.

"मॅडम, काय करून राहिलात?"

"जिचं तिला देऊन राहिले."

त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं. उमाशंकरांनी खुर्ची ओढली. "एकेक काढत बसाल तर संध्याकाळ होईल. असे सगळे निवडा, अन् हितं दाबा." बाईंनी दाबलं. आकडा तेवीसचा दोन झाला. पहिल्या जागेवर पुन्हा उमाशंकर.

"खोटं कशाला बोलू मॅडम," ते डब्याचं झाकण फिरवत म्हणाले, "मला बरं वाटलं. त्याचंच वाईट वाटून राहिलंय."

घरी गेल्यावर त्यांनी रेवणप्पांना सांगितलं. ते हिशेबाला बसले होते. चष्मा काढून त्यांनी बायकोकडं बघितलं. "अन् पेढे? आता घरोघर जाऊन परत मागू का?" मग बराच वेळ गेल्यावर, जेवताना, "त्या बाईचं काम व्हईल ना पण?" असं त्यांनीच विचारलं. त्यानंतर महिनाभर मोंढ्यात कुणी "पहिला नंबर" म्हणून थट्टा केली की ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

प्राचार्य मात्र संतापले. "तुमच्या एका बोटानं कॉलेजची सरासरी खाली आणली! आणखी दोन-चार दिवस दम निघत नव्हता का?" फाटकावरचा फ्लेक्स उतरला. त्याची बांबूची चौकट तशीच राहिली, पोरं तिला सायकली टेकवायची.

समिती आली. अध्यक्ष दक्षिणेकडचे कुणी अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी मराठी विभागाचा कागद वर धरला आणि इंग्रजीत विचारलं, "विभागप्रमुखांचा आकडा दोन? एवढ्या वर्षांच्या नोकरीत?"

धनुरे सर मधे बोलायला गेले, पण जगदेवीबाई आधीच उठल्या होत्या. कोशाची प्रत त्यांनी टेबलावर ठेवली आणि जमेल तशा इंग्रजीत सांगितलं. "सर, रसायनाच्या एका लेखावर सात जणांची नावं असतात. तो वर्षा-दोन वर्षांत होतो आणि जगभर एका भाषेत वाचला जातो. ह्या पुस्तकावर एक नाव आहे आणि ह्याला माझं अर्धं आयुष्य गेलं. ज्या साइटवर तुम्ही बघता, तिला हे पुस्तक आहे हेच माहीत नाही. एका पशुवैद्यकाच्या प्रबंधात देवणी गाईच्या रंगांवरचं माझं सबंध प्रकरण उतरलंय, वानेरा, शेवेरा, बाळंक्या, सगळं. खाली लिहिलंय, 'स्थानिक माहितीनुसार'. सर, ती स्थानिक माहिती म्हणजे मी."

खोलीत कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी पुस्तक चाळलं, मान डोलावली, "इंटरेस्टिंग" म्हणाले आणि पुढच्या विभागाकडं वळले. कॉलेजला पूर्वीचाच ग्रेड मिळाला. वर गेला नाही, खालीही आला नाही.

मुलाखत झाल्यावर जयलक्ष्मीचा फोन आला. जगदेवीबाईंचा जीव टांगणीला लागलेला. "लेख दिसले का सगळे? आकडा बघितला का त्यांनी?"

"दिसले, अक्का. पण आकड्याचं कुणी विचारलंच नाही. संध्याकाळच्या तुकड्या घ्याल का, एवढंच विचारत होते."

जागा तिला मिळाली नाही. कंत्राट एक वर्ष वाढलं. जगदेवीबाईंना वाटायचं, आपण चुकलो ते चुकलोच. आकडा कुणी बघितला नाही म्हणून आपलं गप्प बसणं माफ होत नाही. पण ह्याचं ओझं कुठं नेऊन टाकायचं हेही त्यांना सापडत नव्हतं. जयलक्ष्मी सणावाराला फोन करायची. त्या दिवसांबद्दल मात्र एक शब्द काढायची नाही.

नांदेडचं बोलावणं उन्हाळ्यात आलं. कंधारमार्गे जाणारी बस मिळाली. मांडीवरची फाईल धरून त्या सबंध वाट पुटपुटत होत्या, काय विचारतील, काय सांगायचं. मुलाखतीत मराठीचे तज्ज्ञ म्हणून आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या पिशवीतून त्यांचा कोशच बाहेर काढला. पानं दुमडलेली, कडेला पेन्सिलीच्या खुणा. 'तूप' आणि कानडीतलं 'तुप्प', अडकित्त्याचं मूळ, असं दोघं इतकं रंगून बोलले की बाकीचे घड्याळाकडं बघू लागले. जगदेवीबाईंना वाटलं, झालं आपलं काम.

शेवटी टोकाला बसलेले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, सगळं खरं. पण एच-इंडेक्स दोन दिसतोय."

म्हातारे तज्ज्ञ म्हणाले, "अहो, पुस्तक बघा ना."

"बघितलं सर. पुस्तकाला गुण किती द्यायचे ते सांगा. माझ्यापुढं रकाना आकड्याचा आहे."

निकाल आला: पुढील वेळी विचार व्हावा.

उदगीरला परतल्यावर धनुरे सरांनी त्यांना बोलावलं. राग निवळला होता, की समितीपुढचं बोलणं त्यांच्या मनात राहिलं होतं, कोण जाणे. "तुम्हीच मोठं भाषण केलं ना मॅडम? मग आता तुम्हीच सांगा, कसं मोजायचं. पटणे सरांना घ्या बरोबर. पुढच्या वर्षीची यादी तुमच्या पद्धतीनं लावतो."

जगदेवीबाई आणि उमाशंकर दोघं बसले. दर शनिवारी प्रयोगशाळेत, बर्नरवर चहा ठेवून. उमाशंकर म्हणाले, "ज्याचं त्याच्या विषयात बघायचं. देशभरातल्या रसायनवाल्यांची सरासरी काढायची अन् मी तिच्या वर का खाली, एवढंच सांगायचं. ज्वारीचा उतारा ज्वारीशी, हरभऱ्याचा हरभऱ्याशी." बाईंना ते लाखमोलाचं वाटलं. पण मराठीची सरासरी काढायला गेले तर ती मिळेचना, कारण मराठीतली निम्मी पुस्तकं कुठं मोजलेलीच नव्हती. इतिहासाच्या बाई म्हणाल्या, पुस्तकाला दहा लेखांइतके गुण द्या. भौतिकवाले म्हणाले, मग उद्या कुणीही गाईड छापून आणेल. वाद झाले, आवाज चढले. शेवटी ठरलं ते असं: विज्ञानवाल्यांना त्यांच्या विषयाच्या सरासरीशी ताडायचं, आणि भाषा-इतिहासवाल्यांचं काम बाहेरच्या दोन जाणकारांना खरोखर वाचायला द्यायचं. धनुरे सर कुरकुरले, "वाचायला वेळ कुणाला हाय?" पण त्यांनी सही केली.

पुढच्या वर्षीच्या बैठकीत पडद्यावर यादी लागली, विषयवार. जगदेवीबाईंच्या नावापुढं दोन जाणकारांचा शेरा होता: उत्तम. उमाशंकरांच्या नावापुढं होतं: विषयाच्या सरासरीइतके.

टाळ्या पडल्या, बैठक पुढं चालू राहिली. जरा वेळानं जगदेवीबाईंनी वळून पाहिलं तर उमाशंकरांची खुर्ची रिकामी. त्या उठून त्यांच्यामागं गेल्या. ते प्रयोगशाळेत धुतलेल्या काचेच्या नळ्या पुन्हा धूत होते.

"सर, पद्धत तुमचीच होती," त्या दारातून म्हणाल्या.

"माझीच होती. बरोबरबी हाय." त्यांनी नळ बंद केला नाही. "देशात लई मोठ्या प्रयोगशाळा हायत मॅडम, त्यांच्याकडं काय न्हाई? त्यांच्यात मला धरलं तर मी मधलाच निघणार. मी पिशवीत नमुने घेऊन एस.टी.त बसायचो, ते कुठं धरायचं?"

जगदेवीबाईंनी तोंड उघडलं. ते धरण्याचा काहीतरी मार्ग असणार, असायलाच हवा. साधनं किती होती त्यानं आकड्याला भागायचं का, की वर्षांनी? एक सुचलं, तेही लगेच चुकीचं वाटलं. दुसरं सुचलं, त्यात तिसऱ्याच कुणावर अन्याय होत होता. त्यांनी एक स्टूल ओढलं, बसल्या, पुन्हा उठल्या.

"शनिवारी बसू या सर," त्या म्हणाल्या. "परत पहिल्यापासून."

उमाशंकरांनी ओल्या हातानं कपाळ पुसलं. पुढची नळी धुवायला घेतली. बाहेर तासाची घंटा झाली, तरी जगदेवीबाई टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत राहिल्या.